मोराच्या पिसाऱ्यात मायाक्का

सोलापूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये मायाक्का होती तोवर या शहरात कुणाचंच गुपित फार दिवस टिकलं नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि तक्रारीनेही नाही, वस्तुस्थिती आहे. हल्लीच्या मुलांना ट्रंक कॉल म्हणजे काय ते सांगावं लागतं, तर सांगते आणि पुढे जाते. परगावी बोलायचं तर आधी एक्स्चेंजला नंबर द्यायचा, मग फोनजवळ बसून राहायचं. लाइन मोकळी झाली की एक्स्चेंजमधली बाई बोर्डावर दोऱ्या खोचून तुमचं बोलणं लावून द्यायची. तीन मिनिटं झाली की तीच बाई मध्ये येऊन विचारायची, तीन मिनिटं झाली, वाढवायचं का? लाइन जिवंत आहे का ते मधूनमधून ऐकून बघणं हेही तिचंच काम. नियमात ऐकून बघणं एवढंच होतं. मायाक्काने त्यात मत देणं स्वतःहून घातलं.

ती सांगोल्याकडच्या माळावरची, धनगराची मुलगी. मेंढरांमागे फिरता फिरता मॅट्रिक झाली, आणि खात्याने तिला घेतलं ते आवाजासाठी. दोन टेकड्यांपलीकडच्या माणसाला जेवायला हाक मारणाऱ्या घरातला आवाज तो. तिला मुंबईशी बोलायला तारेची गरजच काय, असं आमच्या भवानी पेठेत म्हणत. तिथल्या एकाच घरात वरच्या मजल्यावर मी राहायचे. खालच्या दोन खोल्यांत ती आणि तिचे वडील बिरप्पा. गुडघ्याने दगा दिला म्हणून बिरप्पांनी मेंढरं भावाच्या हवाली केली आणि नाइलाजाने शहरात आले. छताखाली झोप येत नाही म्हणून बारा महिने ते अंगणातच झोपत.

तर मायाक्काची मतं. एक कापसाचा व्यापारी मुंबईच्या दलालाला भाव सांगत होता, तेव्हा ही मध्येच म्हणाली, अहो शेठ, सकाळी इंदूरवाल्याला तर तुम्ही वेगळाच सांगितला. ही पहिली तक्रार. मग एका मुलीचे मामा पुण्याच्या स्थळाशी बोलत होते. मुलीचे गुण सांगून झाले, रंग सांगून झाला, तेव्हा बोर्डावरून आवाज आला, "चष्मा हाय ते बी सांगा की. उद्या दिसणारच हाय." ही दुसरी. लग्न त्याच मुलाशी झालं आणि ती दोघं सुखात आहेत, हा भाग वेगळा. दुसऱ्याचं बोलणं ऐकून त्यात तोंड घालणं हा खात्यात गुन्हाच होता आणि असायलाच हवा होता. मी तिला तसं तोंडावर सांगितलं. तिने मान डोलावली आणि मला विचारलं की काल तुमच्या भावाचा फोन आला तेव्हा तुम्ही एवढं तोडून का बोललात.

दुसऱ्या तक्रारीनंतर वरून बजावणी आली. तिसरी आली की बदली, थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चांद्याला. बिरप्पांनी लगेच सांगून टाकलं की चांद्याला जंगल आहे म्हणतात, आपण येणार नाही. तू जा, मी मेंढरांमागं जातो. त्या गुडघ्यावर ते मेंढरांमागे किती चालणार होते ते त्यांनाही ठाऊक होतं आणि तिलाही. त्या दिवसापासून मायाक्का बोर्डावर खालचा ओठ दाताखाली धरून बसायला लागली. सोलापूरला चुकल्याचुकल्यासारखं झालं. लोक तीन मिनिटांनंतरही वाट बघत थांबायचे, बाई काही म्हणतेय का.

अशात एकोणऐंशी साली मुंबईहून कर्णिक नावाचा इंजिनिअर आमच्या कॉलेजात एक टाइपरायटरसारखं धूड घेऊन आला. मी तिथे गणित शिकवायचे, म्हणून ते धूड माझ्या गळ्यात पडलं. कॉम्प्युटर मुंबईत, एका संस्थेत, अख्खा हॉल अडवून बसलेला. तो काही सोलापूरला यायचा नव्हता. कर्णिकचं म्हणणं, त्याने यायचं कशाला, तो टेलिफोनवरून बोलेल. धुडाला जोडलेली एक पेटी होती आणि पेटीवर दोन रबरी वाट्या. नंबर लागला की फोनचा रिसीव्हर त्या वाट्यांत पालथा दाबून बसवायचा, कान एका वाटीत, तोंड दुसरीत. या पेटीचं नाव मोडेम. प्राचार्यांनी तिच्यापुढे नारळ फोडला आणि थोडं पाणी वाट्यांत उडालं म्हणून कर्णिक पहिल्या मिनिटालाच चिडला.

ट्रंक लागला. पलीकडून एक लांब, बारीक शिट्टी आली. कर्णिकने रिसीव्हर वाट्यांत दाबला, पेटीवरचा लाल दिवा लागला, धूड एकदा खडखडलं, आणि दिवा विझला. लाइन तुटली होती. पुन्हा लावला, पुन्हा शिट्टी, पुन्हा तुटली. तिसऱ्या खेपेला दिवा टिकला आणि धूड एकाएकी पिसाळल्यासारखं अक्षरं बडवायला लागलं. प्रश्नचिन्हं, टक्के, आकडे, काय वाटेल ते. कर्णिकने घाबरून रिसीव्हर उचलला तर त्यातून मायाक्काचा आवाज खोलीभर झाला.

"लाज वाटत न्हाय? आई-भनी न्हाईत का घरात? ट्रंक लावून बायकांना शिट्ट्या मारतोय! नाव सांग आदी, नाव!"

कॉम्प्युटरने नाव सांगितलं नाही.

तिचंही चुकलं नव्हतं. ट्रंकच्या बायकांना शिट्ट्या मारणारे टवाळ तेव्हा रोज भेटत. त्यांची दोरी उपटायची आणि तिसऱ्यांदा आला तर त्याची खरडपट्टी काढायची, हा बोर्डावरचा जुना रिवाज. पण कर्णिकला रिवाजाशी काय देणंघेणं? त्याने तो बडबडलेला कागद पुरावा म्हणून फाडून घेतला आणि तिथेच तक्रार लिहायला बसला. मी त्याला म्हटलं, तुझं यंत्र शिट्टी मारतं हे तू एक्स्चेंजला आधी सांगितलं होतंस का? नाही ना? मग तिला कसं कळणार? तो म्हणाला, परवानगी दिल्लीहून आणली आहे. मी म्हटलं, दिल्लीने बोर्डावरच्या बाईला सांगितलं का? ही तिसरी तक्रार गेली तर तिची बदली होईल तेही सांगितलं. आमचं असं बराच वेळ चाललं. शेवटी तो एवढ्यावर आला की गुरुवारी पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक आहे. त्यात एकही अक्षर चुकलं नाही तर तक्रार फाडतो. चुकलं तर पाठवतो. माणूस वाईट नव्हता, पण शब्दाचा पक्का होता, आणि असल्या माणसांची मला फार भीती वाटते.

संध्याकाळी मी खाली जाऊन मायाक्काला सगळं सांगितलं.

"म्हंजे कामपूटर मला शिट्टी मारत हुता?"

"तुला नाही गं. कॉलेजातल्या यंत्राला."

मला वाटतं ती जराशी हिरमुसली.

मग मी तिला समजावलं. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी बांधलेली. गाणं, रडणं, भांडण, शिट्टी, जे कानाला ऐकू येतं ते ती वाहून नेते. कॉम्प्युटरला आवाज नसतो. त्याला फक्त हो आणि नाही एवढंच कळतं, आणि ते हो-नाही म्हणजे विजेचे मुके ठोके. ते ट्रंकच्या तारेत घातले तर पुण्यापर्यंतही पोचत नाहीत. म्हणून मध्ये ही पेटी. ती हो ला एक शिट्टी देते, नाही ला दुसरी, जरा वेगळ्या पट्टीतली. प्रत्येक अक्षराला हो-नाहीची ठरलेली माळ असते. पेटी त्या माळा एवढ्या भरभर वाजवते की आपल्याला नुसती किंचाळी ऐकू येते. पलीकडची पेटी कान लावून ओळखते, ही शिट्टी हो ची, ही नाही ची, आणि पुन्हा मुके ठोके करून आपल्या यंत्राला देते. झालं मोडेम.

बिरप्पा दारात बसून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "आमची बी दोनच हायत की. लांब मारली की मेंढरं फिरत्यात, आखूड मारली की चालत्यात." तळहातावरची तंबाखू झटकून पुढे म्हणाले, "पर मदीच दुसऱ्या कुणी शिट्टी घातली, तर समदी इस्कटत्यात."

मी म्हटलं, बिरप्पा, नेमकं हेच झालं. मायाक्काच्या आवाजात त्या दोन शिट्ट्यांच्या पट्टीचं जे जे सापडलं, ते पेटीने हो-नाही समजून छापलं. कर्णिकने फाडलेल्या कागदाचा उरलेला तुकडा मी पदरात आणला होता तो तिला दाखवला. तिची कळीच खुलली. आपला आवाज कागदावर! तुकडा दिव्याजवळ धरून तिने मला विचारलं, ह्यातली लाज कुठली? मी काय सांगणार, एका टक्क्याच्या चिन्हावर बोट ठेवलं. तिने तो तुकडा बिरोबाच्या तसबिरीशेजारी डकवला आणि मग एकदम गंभीर झाली. गुरुवारी बोर्डावर तीच होती.

सोलापूरची मुंबईची लाइन पुण्यावरून जायची, म्हणजे मध्ये तीन बोर्ड आणि तीन बायका. मायाक्काने या मैत्रिणींची तोंडं कधी पाहिली नव्हती, पण कुणाची सासू साखरेला कुलूप लावते ते तिला पाठ होतं. दोन कॉलांच्या मध्ये तिने त्यांना पटवलं. गुरुवारी शिट्टी ऐकू आली तर दोरी काढायची नाही, हॅलो म्हणायचं नाही, शिंकायचंही नाही. पुण्याच्या वच्छलाने मुलाची शपथ घेतली. मुंबईच्या फिलोमिनाने एवढंच विचारलं की कॉम्प्युटर अजून बिनलग्नाचा आहे का.

उरलं मायाक्काचं स्वतःचं तोंड. तिचे सुपरवायझर चनबसप्पा अक्कलकोटकडचे, बोलण्यात कानडी मिसळणारे, नियमाला देव मानणारे. तीन मिनिटांची घोषणा त्या कॉलपुरती माफ करायला ते तयार झाले, पण त्यांचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "येनव्वा, तू गप बसणार? सिद्धेश्वराचं तळं एक वेळ पेटेल." गुरुवारी ते स्वतः तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसले, आणि येताना बाजारातून गुडदाणीचा भलामोठा तुकडा घेऊन आले. शेंगदाणे आणि चिवट गूळ. कॉल लागला की तिने तो अख्खा तोंडात कोंबायचा, असं ठरलं. जिची जीभ आवरत नाही तिचा जबडाच चिकटवून टाकायचा. सोलापुरी तोडगा, दुसरं काय.

इकडे कॉलेजात हॉल भरला. पुढच्या रांगेत प्राचार्य, त्यांच्याशेजारी चादरींच्या कारखान्याचे नरसय्या शेठ. कर्णिकने मुद्दाम त्यांच्यासाठी चादरीवरचा मोर मुंबईच्या कॉम्प्युटरला शिकवून ठेवला होता. तो मोर तारेतून येणार आणि इथे कागदावर अक्षरांनी उमटणार. बिरप्पांना मी रिक्षात घालून आणलं होतं. ते घोंगडी पांघरून कोपऱ्यात बसले. मुलीचं भवितव्य त्या रबरी वाट्यांत आहे हे त्या हॉलमध्ये त्यांना, मला आणि कर्णिकला तेवढं ठाऊक होतं.

मायाक्काने लाइन लावली आणि शेवटचा शब्द बोलली, "बोला." शिट्टी आली. रिसीव्हर वाट्यांत गेला, दिवा लागला, आणि धूड खड खड खड करत ओळ विणायला लागलं. एक ओळ झाली की डोकं मागे धावायचं, कागद वर सरकायचा, पुढची ओळ. तुरा आला. चोच आली. लोक उठून पुढे आले. मान आली तेव्हा प्राचार्य स्वतः "आली, आली" म्हणाले, जशी काही बाळंतपणाची खोलीच होती. नरसय्या शेठ नाक कागदाला लावून बसले. अक्षरांच्या चौकटी बघून म्हणाले, हे तर आमच्या नक्षीच्या आलेखासारखंच आहे, आमचा माणूस एक पिसारा काढायला आठवडा घालवतो. पिसारा सुरू झाला. शुद्ध, रेखीव, एक्स एक्स एक्स आणि मध्ये ओ ओ, डोळ्यासारखे.

आणि पिसाऱ्याच्या बरोबर मध्यावर धूड ठेचकाळलं.

प्रश्नचिन्ह. के. टक्का. यू यू यू. दोन ओळी काहीच्या बाही बडवून ते क्षणभर थांबलं. मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा एक्स एक्स एक्स. पिसारा संपला, पाय आले, पायाखालची वेलबुट्टीही आली. टाळ्यांचा पाऊस पडला. कुणाला काही कळलंच नव्हतं. टाळी वाजवली नाही ती कर्णिकने. त्याने त्या दोन ओळींवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं, रिसीव्हर वाट्यांतून उचलला आणि एक्स्चेंजचे सुपरवायझर मागितले.

चनबसप्पांना फोनवर हळू बोलता येत नसे. ते काय म्हणाले ते सगळ्या हॉलने ऐकलं. पुण्याच्या बोर्डावर बाई बदलली होती. वच्छला चहाला गेली आणि बदलीवर आलेल्या नव्या बाईला काहीच माहीत नव्हतं. तिने शिट्टी ऐकली, लाइन बिघडली म्हणून दोरीला हात घातला, आणि रिवाजाप्रमाणे आधी विचारलं, हॅलो सोलापूर, लाइन काढून घेऊ का? मायाक्काने तोंड उघडायचा प्रयत्न केला. गुडदाणीने उघडू दिलं नाही. तेव्हा तिने नाकातून, जिवाच्या आकांताने, लांबलचक "हूंऽऽ हूंऽऽ" केलं. पुण्याच्या बाईचा हात जागच्या जागी राहिला. ती नवी असली तरी सोलापूरची मायाक्का तिला ऐकून ठाऊक होती, सगळ्या महाराष्ट्राच्या बोर्डांना होती. ती बाई बोलत नाही आणि नुसतं हूं करते, म्हणजे लाइनवर काहीतरी फारच मोठं चाललं असणार, असं समजून तिने दोरी सोडून दिली.

"म्हणजे ती बोललीच," कर्णिक म्हणाला.

"बोलली नसती तर तुमच्या मोराला पाय नसते, साहेब," चनबसप्पा म्हणाले. "मी शेजारी बसलो होतो. माझा नियम कडक आहे. पण आज मायव्वाने लाइन राखली."

कर्णिकने विचारलं, त्यांना फोन देता का? चनबसप्पांनी दिला. कर्णिक जरा अडखळून म्हणाला, बाई, तुम्ही मध्ये आवाज केला हे खरं का? पलीकडून आलं, "हूं." अजून चिकटलेलंच होतं. त्याने विचारलं, लाइन वाचवायला केला का? "हूं हूं." हॉलमध्ये मागच्या बाकावरची पोरं हसायला लागली, मग प्राचार्य, मग मी. कर्णिकने ओठ आवळून धरले होते. तरी तो म्हणाला, एकही अक्षर चुकायचं नाही असं ठरलं होतं, आणि इथे पुरत्या दोन ओळी चुकल्यात, हा कागद...

कागद नव्हता. नरसय्या शेठ तो गुंडाळून काखेत घेऊन दरवाजापर्यंत पोचले होते. कर्णिक मागे धावला, शेठ, त्यात चूक आहे, मी तुम्हाला बरोबर मोर पाठवतो. शेठ थांबले आणि त्यांच्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाले, बरोबर मोर आम्ही बापजाद्यांपासून विणतो. हा मध्ये जे आहे ते कोणी विणलं नाही. आणि गेले. पुरावा गेला तसा कर्णिकचा ओठही सुटला. तो खुर्चीत बसून असा हसला की चष्मा काढून पुसावा लागला. तक्रार खिशातच होती. ती त्याने माझ्यादेखत फाडली, उभी आणि आडवी.

एवढ्यात बिरप्पा उठून पेटीजवळ गेले होते. त्यांनी मला विचारलं, "बाई, ह्याला माझं बी कळंल का?" कर्णिक हसत म्हणाला, आजोबा, हे यंत्राचंच ऐकतं. बिरप्पांनी रिकाम्या वाटीवर वाकून मेंढरं फिरवायची ती लांब शिट्टी घातली. लाल दिवा लागला. धूड खडखडलं आणि त्याने कोऱ्या कागदावर यू यू यू काढून ठेवले. कर्णिकचं हसू बंद झालं आणि आमचं पुन्हा सुरू झालं.

"फिरलं की," बिरप्पा म्हणाले आणि घोंगडी सावरत बाहेर पडले.

दिवाळीत मोराची चादर बाजारात आली. चादरीची नक्षी मागावर चढवायची तर पुठ्ठ्यांना भोकं पाडावी लागतात, आणि नरसय्या शेठच्या भोकं पाडणाऱ्या कारागिराने कागदातलं सगळं इमानाने जसंच्या तसं पाडलं होतं. प्रश्नचिन्ह, के, टक्का, यू यू यू. गिऱ्हाइकांना वाटलं नवी फॅशन आहे. सोलापुरात त्या वर्षी नवरदेवापासून बाळंतिणीपर्यंत सगळे मायाक्काचा हुंकार पांघरून झोपले. बिरप्पांनी पहिल्यांदा घोंगडी बाजूला ठेवून दुसरं काही अंगावर घेतलं, आणि थंडीत का होईना, छताखाली आले.

पुढे नंबर फिरवला की परगाव लागायला लागलं आणि ट्रंकचे बोर्ड निघाले. मायाक्काला कुठे ठेवायचं हा खात्याला प्रश्न पडला. तिला तक्रारी ऐकायच्या टेबलावर बसवलं, आणि निवृत्त होईपर्यंत ती सोलापूरकरांच्या तक्रारी ऐकून वर आपलं मत देत राहिली.

माझ्याकडे ती चादर अजून आहे. धुऊन धुऊन मऊ झाली, पण रंग हलला नाही. पाहुणे आले की पिसाऱ्यावर बोट ठेवून विचारतात, विणताना चुकलं का हो? परवा मायाक्का इथेच बसली होती, केस पांढरे, आवाज तोच. मी उत्तर द्यायला तोंड उघडायच्या आत तिने चादर पाहुण्यांच्या मांडीवर पसरली. त्यातलं कुठलं अक्षर कुणाचं ते देवालाही सांगता यायचं नाही, हे मी तिला इतक्या वर्षांत हजारदा सांगितलंय. ऐकेल तर शपथ.

"ह्यो पुण्याच्या बाईचा हॅलो," ती बोट फिरवत म्हणाली, "आन् हितनं फुडं समदं माजं."